होळी पेटली की परत

परदेशी राहायला जायचं तर काय काय लागतं? तुम्ही म्हणाल, पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, विमानाचं तिकीट लागतं. आम्हाला यातलं काहीच लागलं नाही. बाबांच्या बँकेतून एक टाइप केलेला कागद आला, तेवढ्यावर आम्ही चौघं परदेशी पोचलो!

म्हणजे 'परदेश' हा आईचा शब्द बरं का. नकाशावर आम्ही महाराष्ट्रातच होतो. पण आई म्हणायची, "जिथे बाजारात भाजी मागता येत नाही, तो परदेशच."

ही गोष्ट १९९९ सालची. आमचं गाव कोकणात, गुहागर तालुक्यात. अंगणात उभं राहिलं की समुद्राची गाज ऐकू येते असं. बाबांना बढती मिळाली आणि बढतीच्या पाठोपाठ बदली. कुठे? तर अक्कलकुव्याला. मी तेव्हा सहावीत होते. धावत जाऊन शाळेतला भिंतीवरचा नकाशा पाहिला. अक्कलकुवा सापडलं, अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो तिथे. पण नंदुरबार जिल्हा काही सापडेना. गुरुजी हसले. म्हणाले, "अगं, तो जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. धुळे जिल्ह्यातून काढला. आपला नकाशा त्याच्या आधीचा आहे." म्हणजे बघा, आम्ही अशा ठिकाणी निघालो होतो, जे आमच्या शाळेच्या नकाशातसुद्धा नव्हतं!

प्रवास तर विचारूच नका. एसटीने मुंबई, मुंबईहून रेल्वेने सुरत, सुरतेहून तापी काठच्या लाइनीने नंदुरबार, आणि तिथून पुन्हा एसटी. वाटेत नवापूर लागलं. या स्टेशनाची गंमत ठाऊक आहे का तुम्हाला? हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये! १ मे १९६० ला दोन राज्यं वेगळी झाली, तेव्हा सीमेची रेघ नेमकी या स्टेशनातून गेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. त्याने खिडकीतून डोकं काढून आईला विचारलं, "आई, आपण आत्ता कुठे आहोत?" आई म्हणाली, "मधेच." आणि तिने डोळे पुसले.

अक्कलकुव्याला आमचे पहिले काही महिने फार मजेशीर गेले. मजेशीर म्हणजे आता मजेशीर वाटतात, तेव्हा नव्हते वाटत. दुकानदार गुजराती बोलायचे. शेजारच्या काकू अहिराणी बोलायच्या. डोंगरातून बाजाराला येणारी माणसं भिलोरी बोलायची. आणि या सगळ्यांच्या मध्ये आमची आई, गुहागरच्या हेलात मराठी बोलणारी. एकदा तिने वाण्याकडे आमसुलं मागितली. त्याने मोठ्या आनंदाने पाव किलो आमचूर बांधून दिला! कारण सातपुड्याच्या या भागात घरोघरी कैऱ्यांच्या फोडी वाळवतात, आणि इथला आमचूर दूरदूरच्या बाजारात जातो. आता 'आमसूल' आणि 'आमचूर' यांत कानाला फरक तो केवढा? आईने घरी येऊन पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला. पण टाकायचं कसं? त्याच आमचुराची आमटी केली. बाबा म्हणाले, "वा, छान झालीय." आई म्हणाली, "तुम्हाला इथलं सगळंच छान वाटतं."

शाळेत माझंही असंच चाललं होतं. वर्गात सगळे मराठी शिकायचे, पण सुट्टीत पटांगणावर निराळ्याच भाषा. माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. मोलगीच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यावरची, मामाकडे राहून शिकणारी. तीच तेवढी माझ्याशी बोलायची. मी तिला समुद्राच्या गोष्टी सांगायची आणि ती मला कुठल्या झाडाचं काय खातात ते सांगायची. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. सर हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचे, एक क्षण थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. अशी पाच-सहा नावं होती वर्गात. कुठे गेली ही मुलं, असं मी विचारलं, तर कोणीतरी म्हणालं, "गेली तिकडे." आणि हात दाखवला पश्चिमेकडे.

फाल्गुन महिना उजाडला आणि आईचं चित्त ठिकाणावर राहीना. कोकणातल्या माणसाला शिमगा म्हणजे काय, ते तुमच्यापैकी जे कोकणातले असतील त्यांना सांगायला नको. इतरांना सांगते. गणपती आणि शिमगा या दोन सणांना आमच्याकडचा माणूस मुंबईत असो नाहीतर कुठेही असो, गावी येतो म्हणजे येतोच. फाकपंचमीपासून रोज रात्री छोट्या होळ्या पेटतात. मग सगळा गाव मिळून रानातून उंचच उंच झाड तोडून आणतो. ते खांद्यावरून नाचवत, फाका घालत आणायचं आणि सहाणेपुढे उभं करायचं. देवाची पालखी नाचते, घरोघरी जाते. खेळे येतात, त्यांच्यात तो काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा, कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर असतो. त्याला बघून लहान मुलं आईच्या पदराआड दडतात.

त्या वर्षी आम्हाला जायला मिळणार नव्हतं. सन २००० ची होळी आली मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. बँकेत मार्चअखेरची गडबड. बाबांना एक दिवसही रजा मिळेना. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "जूनमध्ये मी मुलांना घेऊन गावी जाते. त्यांची शाळा तिकडेच होऊ दे. तुम्ही इथे सांभाळा तुमची बढती."

बाबा काही बोलले नाहीत. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. आई एकदा ठरवते तेव्हा ते ठरतंच, हे आम्हाला ठाऊक होतं.

संध्याकाळी बाबा घरी आले ते एक बेत घेऊन. "डोंगरात काठी म्हणून गाव आहे. तिथली राजवाडी होळी फार मोठी असते म्हणे. जाऊ या आपण. संध्याकाळी निघायचं, होळी बघायची आणि यायचं परत. मुलांना फिरणं होईल." बाबा मुलांचं नाव घेत होते, पण बघत होते आईकडे.

आई म्हणाली, "बघू."

बाबांच्या ओळखीचे एक जीपवाले दादा होते, काठीच्याच बाजूचे. ते घरी ठरवायला आले. आईने बसायला खाट पुढे केली, तर ते खाली जमिनीवर बसले. पायात चपला नव्हत्या. बाबांनी विचारलं, "संध्याकाळी निघायचं ना?" दादा म्हणाले, "हो, संध्याकाळीच." बाबांनी विचारलं, "आणि परत?" दादा म्हणाले, "होळी पेटली की परत." बाबांनी समाधानाने मान डोलावली. दादांनीही डोलावली. मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. दोघांनाही ते पटलं होतं, पण त्याचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा होता!

होळीच्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या. चार पोळ्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि गावाहून आणून जपून ठेवलेला एक नारळ, एवढं घेऊन आम्ही चारच्या सुमारास जीपमध्ये बसलो. साडेसातला होळी पेटेल, दहा-साडेदहाला घरी, असा बाबांचा हिशेब. दादांनी टपावर एक भलं मोठं गाठोडं बांधलं होतं. भावाने विचारलं, "काय आहे त्यात?" दादा हसून म्हणाले, "छोटे शेठ, गंमत आहे." ते भावाला नेहमी छोटे शेठच म्हणायचे.

अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईचा घाट लागतो. रस्ता वळणं घेत घेत वर चढत होता. पानगळीने डोंगर उघडे पडले होते आणि मधूनच पळस असा फुललेला की झाडालाच आग लागलीय असं वाटावं. वाऱ्यावर मोहाच्या फुलांचा गोड वास येत होता. बाबा खुशीत होते. "बघ, बघ," म्हणत आईला दाखवत होते. तेवढ्यात भाऊ आईच्या मांडीवर ओकला.

जीप थांबवली. त्याला धुतलं, आईने साडी झटकली. बाटलीतलं पाणी संपलं. पुन्हा निघालो. दोन वळणं गेलो नाही तर बॉनेटमधून वाफा! इंजीन तापलं होतं, आणि त्याला घालायला आता पाणी नव्हतं. दादा डबा घेऊन दरीतल्या ओहोळाकडे उतरले. ते वर येईपर्यंत अंधार पडला. घाटात आम्ही चौघंच. बाबा घड्याळ बघत म्हणाले, "साडेसात होऊन गेले." आई म्हणाली, "पेटली असेल तुमची होळी." यात 'तुमची' या शब्दावर एवढा जोर होता की बाबांनी घड्याळच खिशात टाकलं.

पण अंधारात एक निराळीच गोष्ट चालू होती. रस्त्याने माणसं चालत होती. एकटीदुकटी नाहीत, घोळकेच्या घोळके. बायका, म्हातारे, पाठीवर बांधलेली लेकरं. कोणाच्या खांद्यावर ढोल, कोणाच्या हातात बासरी. सगळी आमच्याच दिशेने चालली होती. वर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राने रस्ता पांढरा दिसत होता. मला वाटलं, होळी होऊन गेली असेल, तर ही माणसं आत्ता कुठे निघालीत?

काठीला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. हजारो माणसं जमली होती. ढोलांचा आवाज तर असा की तो कानाला नाही, छातीला ऐकू यावा. बाबांनी उतरता उतरता घाईने विचारलं, "दादा, पेटली का होळी?" दादा टपावरचं गाठोडं सोडत होते. म्हणाले, "नाही साहेब, आता कुठे! पहाटे पेटते. पाच वाजता." आणि गाठोडं खांद्यावर टाकून ते गर्दीत दिसेनासे झाले.

आता कळला का 'होळी पेटली की परत'चा अर्थ? जीप होती, पण चालवणारा नव्हता. डब्यात चार पोळ्या होत्या, पाणी नव्हतं. अंगावर पातळ कपडे आणि डोंगरातली रात्र म्हणजे गारठा. भाऊ कण्हत होता. आई जीपच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "जून कशाला? मी उद्याच जाते." ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

बाबा जवळच्या एका माणसाशी बोलून परत आले आणि अपराधी आवाजात आम्हाला माहिती सांगू लागले. ती मी तुम्हाला सांगते, कारण नंतर मी ती अनेकांकडून ऐकली. काठी हे एकेकाळी सातपुड्यातलं एक छोटंसं संस्थान होतं, म्हणून ही राजवाडी होळी. गावची माणसं ही परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. होळीसाठी साठ-सत्तर फूट उंचीचा बांबू लांबच्या जंगलातून आणतात. तो उभा करायचा खड्डा कुदळ-फावड्याने नाही, हाताने खणतात. आणि ज्यांचा नवस असतो ते पुरुष होळीच्या आधी काही दिवस कडक व्रत पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, पायात काही घालायचं नाही.

खाटेवर बसायचं नाही! पायात काही घालायचं नाही! मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यातही तेच आलं होतं.

आणि त्याच क्षणी भाऊ जोरात किंचाळला. आमच्या पुढ्यात एक आकृती येऊन उभी राहिली होती. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. उघड्या काळ्याभोर अंगावर पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि वेटोळी. कमरेभोवती वाळलेले भोपळे आणि घुंगरांची माळ. ती आकृती हलली की सगळं खळखळ वाजायचं. भाऊ आईच्या पदरात शिरला, तो डोकंच बाहेर काढेना. आकृती हळूच खाली वाकली आणि म्हणाली, "काय छोटे शेठ, गाठोड्यातली गंमत बघायची ना?"

दादा! आमचे जीपवाले दादा!

अशा नाचणाऱ्यांना तिकडे 'बुध्या' म्हणतात. भावाने एक डोळा उघडला. मग दुसरा. दादांनी कमर हलवली, खळ्ळ! भावाने हात पुढे करून एक भोपळा वाजवून पाहिला. आणि आई, दिवसभर ओठ मिटून बसलेली आमची आई, एकदम हसायला लागली. "अगो बाई! हा तर आपला संकासुर!"

ती हसतच राहिली. उंच टोपी, कमरेचे घुंगरू, घाबरलेलं पोर आणि पदर. साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब येऊन तिला अगदी ओळखीचं काहीतरी भेटलं होतं.

थोड्या वेळाने दादांनी कोणाला काय सांगितलं कोण जाणे, एक बाई आमच्यासाठी पाण्याची कळशी आणि गोधडी घेऊन आली. तिच्याबरोबर एक मुलगी होती. चांदण्यात मी तिचा चेहरा पाहिला, तर कोण? माझ्या बाकावर बसणारी, दिवाळीनंतर नाहीशी झालेली माझी मैत्रीण! आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या उड्या मारत राहिलो.

त्या रात्री तीच आमची दुभाषी झाली. एका गोधडीवर तिची आई आणि माझी आई, मधे ती. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे. आईने विचारलं, "पोरीला शाळेत का पाठवत नाही?" मैत्रिणीने ते तिच्या आईला सांगितलंच नाही, स्वतःच उत्तर दिलं. दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावरची बहुतेक घरं बंद होतात. पोटापुरतं पिकत नाही, म्हणून सगळे ऊस तोडायला गुजरातमध्ये जातात. बारडोलीच्या बाजूला. तिथे उसाच्या पाचटाच्या झोपड्या करून राहायचं. आईबाप पहाटेच फडात जातात, मग धाकट्याला सांभाळणार कोण? म्हणून हिला नेलं. "तिथे जवळ शाळा होती," ती म्हणाली, "पण ती गुजरातीत. मी बाहेर उभी राहून ऐकायची, पण कळायचं नाही."

पश्चिमेकडे हात दाखवून 'गेली तिकडे' म्हणतात ते 'तिकडे' म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

तिच्या आईने आईला काहीतरी विचारलं. मैत्रीण म्हणाली, "ती विचारते, तुम्हाला घर सोडून किती दिवस झाले?" आईने बोटं मोजली. नऊ महिने. त्या बाईनेही बोटं मोजली. चार महिने आणि वर काही दिवस. मग तिने विचारलं, "होळीला घरी नाही गेलात?" आईने मान हलवली. त्या बाईला ते पटेचना. होळीला माणूस घरी जात नाही, असं कसं होईल? त्यांच्याकडे तर मुकादम ओरडो, मजुरी बुडो, होळीला डोंगरात परतायचंच. आज घाटात चालणारी ती सगळी माणसं, त्यांतली कितीतरी अशीच परत आलेली होती.

आई हळूच म्हणाली, "आमच्याकडेसुद्धा असंच आहे गो. आमच्याकडे त्यांना चाकरमानी म्हणतात." हे काही मैत्रिणीला भाषांतर करता आलं नाही, पण तिच्या आईने आईच्या मांडीवर थोपटलं. म्हणजे तिला कळलंच असणार.

पुढची रात्र कशी गेली ते सांगायला मला शब्द कमी पडतील. गावोगावची पथकं येत होती. ढोलाभोवती रिंगण करून बायका हातात हात गुंफून नाचत होत्या, पुरुष नाचत होते. मध्येच दादा दिसायचे आणि पुन्हा हरवायचे. आमच्या चार पुरणपोळ्या नऊ जणांत वाटल्या गेल्या आणि बदल्यात ज्वारीची भाकर आणि झणझणीत चटणी आली. भाऊ गोधडीत गाढ झोपला. त्याचं अंग आता गार होतं.

आणि मग तो बांबू उभा राहिला. किती हात लागले होते त्याला! तो डुलत डुलत वर जात होता आणि सगळे माना वर करून बघत होते. आई उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडून आपोआप आमच्या गावची फाक निघाली. बाबा चपापले, इकडेतिकडे बघू लागले. पण तिथल्या गलक्यात तिच्या फाकेचं कोणाला काही वाटलं नाही. सगळेच आपापल्या भाषेत ओरडत होते.

पहाटे पूजा झाली आणि होळी पेटली. ज्वाळा वर वर चढत गेल्या. मैत्रिणीच्या आईने आईचा हात धरून गर्दीतून वाट काढली आणि तिला पुढे नेलं. गुहागरचा नारळ काठीच्या होळीत पडला.

उजाडता उजाडता दादा आले. अंगावरचा रंग तसाच, डोळे तारवटलेले. बाबांनी घाबरत विचारलं, "दादा, झोप?" दादा म्हणाले, "व्रत अजून पुरं व्हायचं आहे साहेब. पण तुम्हाला सोडायला माझा चुलतभाऊ येतो. होळी पेटली की परत, असं बोललो होतो ना?" बाबा म्हणाले, "हो, बोलला होतात खरे." आणि आई पुन्हा हसली.

आता तुम्ही विचाराल, जूनमध्ये काय झालं? मेच्या सुट्टीत आम्ही गुहागरला गेलो आणि जूनमध्ये अक्कलकुव्याला परत आलो. चौघंही. आईने कारण सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. येताना आईने एक डबाभर आमसुलं दादांच्या घरी नेऊन दिली. गावी जाताना तिने पाच किलो आमचूर नेला होता, तो सगळ्या शेजाऱ्यांत वाटला. २००३ साली बाबांची पुढची बदली झाली, तोवर आम्ही तिथेच होतो. आईला तोपर्यंत तीन भाषांत भाव करता यायला लागला होता.

आणि माझी मैत्रीण? होळीनंतर ती शाळेत आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "भूगोलाचे किती धडे झाले?" मी माझ्या वह्या तिला दिल्या. बरंचसं तिने स्वतःच करून टाकलं. एप्रिलमध्ये ती वार्षिक परीक्षेला बसली आणि पास झाली. पण पुढच्या दिवाळीनंतर तिची जागा पुन्हा रिकामी झाली. त्या वेळी मात्र सरांनी तिचं नाव पुकारलं तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "सर, ती बारडोलीकडे ऊसतोडीला गेलीय. होळीला येईल." सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बस. तिच्यासाठी वह्या लिहून ठेव." सातवीच्या सगळ्या विषयांच्या वह्या मी त्या वर्षी दोन दोन लिहिल्या.

नंतरच्या काळात सरकारने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं काढली. आईबाप कामाला गेले तरी मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून. तरीही दिवाळीनंतर घरं बंद करून जाणारी कुटुंबं आजही आहेत. नंदुरबारच्या डोंगरात आहेत, बीडमध्ये आहेत. तुमच्या शहरात जिथे नवी इमारत उठते आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांमध्येही दूरदूरहून आलेली कुटुंबं राहतात. तुमच्या वर्गात जर कोणी असं अधूनमधून नाहीसं होत असेल, तर तो 'दांडी मारतो' असं म्हणायच्या आधी तो कुठे जातो ते विचारा. आणि एक जादा वही करून ठेवा.

राहिली गोष्ट काठीची. तिथली होळी अजूनही पहाटेच पेटते. कधी गेलात, तर पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या, गोधडी न्या आणि पुरणपोळ्या चार नाही, चांगल्या पंचवीस करून न्या. वाटायला लागतात!